रानातलं गॅरेज : बारका ट्रॅक्टर, ग्रास कटर आणि पुराचं पाणी

पाऊस उघडला की आमच्या या सदराला पत्रांचा पूर येतो. कारण साधं आहे, चार महिने शेडात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या मशिनी बाहेर निघतात, तोवर बांधावरचं गवत छातीला लागलेलं असतं आणि निम्म्या मशिनी काय चालू होत नाहीत. व्हॉइस मेसेज पाठवणाऱ्यांना एक विनंती, मशिनीचा आवाज पण रेकॉर्ड करून पाठवत जावा, निम्मा रोग आवाजावरच कळतो. पण एका भावानं रोटरचा (माती भुसभुशीत करायच्या रोटाव्हेटरचा) आवाज म्हणून जे पाठवलंय त्यात त्याची म्हैसच जास्त ओरडतीय, तेवढं परत पाठव बाबा.

प्रश्न : मी शिक्षक म्हणून नुकताच रिटायर झालो. पन्हाळ्याच्या पायथ्याला साडेतीन एकर रान आहे, दोन एकर ऊस आणि बाकी आंबा, नारळ, थोडं पडीक. भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघून वैताग आलाय. मुलगा म्हणतो ४५ एचपीचा घ्या, शेजारी म्हणतो मिनी घ्या, आणि आमच्या मिसेस म्हणतात काहीच घेऊ नका. कुणाचं ऐकू?
(एक निवृत्त शिक्षक, पन्हाळा तालुका)

उत्तर : सर, आधी वहिनींचंच म्हणणं तपासू कारण हिशोबानं बघितलं तर त्याच बरोबर आहेत. साडेतीन एकराला रोटर, सरी, उसाची भरणी म्हणजे बुडाला माती लावणं, बागेतलं गवत वर्षातनं तीन-चार वेळा, सगळं धरलं तरी माझ्या अंदाजानं मीटर ६०-७० तासांच्या वर काय सरकणार नाही. आणि मिनी ट्रॅक्टर म्हणजे आज चार ते साडेसहा लाखांच्या दरम्यानचं काम, वर रोटर, वर सरीचं औजार, इन्शुरन्स वेगळा. एवढ्या पैशात तुमची भाड्याची कामं कितीतरी वर्षं निघतील. म्हणजे पैसे वाचतील म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, मी स्पष्टच सांगतो.

पण तुम्ही लिहिलंय की वाट बघून वैतागलो, आणि खरा मुद्दा तो आहे. काळ्या रानाला वाफसा, म्हणजे मशागतीला बरोबर अशी ओल, येतो तो काय आठवडाभर थांबत नाही, दोन-तीन दिवस मिळाले तर मिळाले, आणि त्याच दोन-तीन दिवसात सगळ्या गावाला तोच एक ट्रॅक्टर पाहिजे असतो. मालक तुमच्याकडं पाचव्या दिवशी येतो, तोवर रान एकतर आवळून दगड झालेलं असतं नायतर परत पाऊस पडून चिखल. घरचा ट्रॅक्टर असला की वाफसा सापडतो, एवढाच त्याचा फायदा आणि तो फायदा लई मोठा आहे. ही गोष्ट वहिनींना सांगून बघा, शेतकऱ्याच्या घरातल्या असतील तर पटेल.

आता मुलाचं. ४५ एचपी तुमच्या रानात नको. मोठा ट्रॅक्टर रुंदीला सहा फुटाच्या आसपास, त्याला वळायला जागा पाहिजे, आंब्याच्या फांद्या मोडणार आणि दोन टनाचं वजन ओल्या रानावरनं गेलं की खाली जमीन दडपून बसणार. मिनीची रुंदी साधारण सव्वातीन ते साडेतीन फूट असते, त्यामुळं साडेचार-पाच फुटाच्या सरीत तो आरामात जातो, पण तुमच्याकडं अजून जुन्या पद्धतीची तीन-साडेतीन फुटाची सरी असली तर उसात भरणीला तो उपयोगाचा नाही, तिथं पॉवर टिलर किंवा विडरच चालवावा लागंल. म्हणजे ट्रॅक्टर घ्यायच्या आधी टेप घेऊन सरी मोजा, कितीतरी जणांनी ट्रॅक्टर आणल्यावर मोजलीय.

एचपी विचारताना इंजिनाचा नको, पीटीओचा, म्हणजे मागं औजार फिरवणाऱ्या शाफ्टचा एचपी विचारा. बोर्डावर २४ लिहिलं असलं तरी मागं रोटरला त्यातलं तीन-चार कमीच पोचतं, आणि रोटर ओढतो तो पीटीओ. आपल्याकडच्या काळ्या चिकट रानाला फोर व्हील ड्राइव्ह घ्या, इथं काटकसर करू नका, टू व्हीलवाला ओल्यात जागेवरच फिरत बसतो. चार फुटी रोटर आरामात चालवायचा तर २४ ते २८ एचपीतला तीन सिलिंडरचा बरा, १५-१८ मधला बागेतलं गवत आणि तीन फुटी रोटर एवढ्यालाच ठीक. आणि ऊस निघाल्यावर खोडकी काढायची खोल नांगरट मात्र मिनीला लावू नका, ती वर्षातनं एकदा मोठा ट्रॅक्टर भाड्यानं बोलवून करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

कंपनी कुठली घ्यायची ते विचारलं नाहीत पण विचारणारच, म्हणून सांगतो. महिंद्रा, कुबोटा, स्वराज, व्हीएसटी, जॉन डिअर, सगळ्यांचे बारके ट्रॅक्टर आहेत आणि सगळे चालतात. मी कंपनी न बघता मेकॅनिक बघतो. तुमच्या गावापासनं दहा-पंधरा किलोमीटरात त्या मॉडेलचं काम केलेला माणूस आहे का, क्लच प्लेट आणि ऑइल सील दुकानात शिल्लक असतं का मागवावं लागतं, आणि डेमो तुमच्या रानात देतात का शोरूमच्या डांबरी अंगणात, एवढं विचारा. डेमो रानातच घ्या, ओल असताना घ्या.

अनुदानासाठी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात पडेपर्यंत खरेदी करायची नाही. आधी ट्रॅक्टर घेतला आणि मग अर्ज केला तर पैसे मिळत नाहीत, बिलावरची तारीखच तुमच्या विरोधात जाते.

प्रश्न : आमची आजऱ्याकडं काजूची बाग आहे, दीड एकर, सगळा उतार. ग्रास कटर घेऊन दोन वर्षं झाली. मागच्या डिसेंबरात वापरून ठेवला तो आता चालूच होत नाही, दोरी ओढून ओढून माझा आणि सासूबाईंचा दोघींचाही खांदा आखडला. दुकानदार म्हणतो इंजिन गेलं, नवीन घ्या.
(एक गृहिणी, आजरा)

उत्तर : ताई, नवीन अजिबात घेऊ नका. न उघडता इंजिन गेलं म्हणणाऱ्या माणसाला मशीन विकायची घाई असते. तुम्ही मशीन डिसेंबरात ठेवताना टाकीतलं पेट्रोल काढलं होतं का? पत्रात लिहिलेलं नाही म्हणजे काढलं नसणार.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. सरकारचं हे टार्गेट आधी २०३० चं होतं ते अलीकडं आणलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आजऱ्याच्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय दुसरं असतं काय. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाला बसतं, आणि पेट्रोल ओढायची नळी पण तळालाच असते, म्हणजे मशीन नेमकं तेच पिते. गंमत बघा, आपलाच ऊस कारखान्याला जातो, त्याचं इथेनॉल होतं आणि फिरून येऊन आपल्याच ग्रास कटरच्या कार्बोरेटरात अडकून बसतं.

माझ्याकडं गेल्याच महिन्यात असाच एक आला होता. टाकी उलटी केली तर पेट्रोलचा वास पेट्रोलसारखा नव्हताच, जुन्या वॉर्निशसारखा होता. तारेचा आकडा करून टाकीतला फिल्टर बाहेर ओढला तर चहाची गाळणी धुवायची राहून गेल्यावर होते तसा तपकिरी. कार्बोरेटरचे चार स्क्रू काढले, आतला रबरी पडदा बोटानं दाबला तर पापडासारखा कडक, तो मऊ पाहिजे. पडद्याचं किट बदललं, जेट कार्बोरेटर क्लीनरनं फुंकून काढला, फिल्टर नवा, प्लग घासून गॅप ०.६ ते ०.७ मिलीमीटर केला, आणि चौथ्या ओढीला सुरू झाला. तुमचंही नव्वद टक्के हेच असणार. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपात नेऊन दिलात तरी नव्या मशिनीच्या तुलनेत खर्च किरकोळ येईल.

तुमचं टू स्ट्रोक आहे का फोर स्ट्रोक ते आधी बघा कारण यात लई जण घोळ घालतात. टू स्ट्रोकला पेट्रोलमध्येच टू टी ऑइल मिसळायचं, मशिनीवर ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजानं धार सोडायची नाही, मेडिकलमधून औषधाचं मापाचं झाकण नायतर सिरिंज आणा. ऑइल कमी पडलं तर पिस्टन आवळतो आणि मग इंजिन खरंच जातं, जास्त झालं तर धूर आणि सायलेन्सरची जाळी काजळीनं बंद. फोर स्ट्रोकला पेट्रोल साधं आणि ऑइल वेगळं. होंडाच्या ३५ सीसीच्या इंजिनात ते फक्त १०० मिली बसतं, एवढंसं असल्यामुळं संपलेलं कळत पण नाही, म्हणून रोज सुरू करायच्या आधी बघायचं.

आणि यंदा काम संपलं की टाकी रिकामी करा, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर पण कोरडा होतो. मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये महिन्याच्या वर ठेवू नका.

विचारलं नाहीत तरी अजून दोन गोष्टी. काजूच्या बारक्या रोपांजवळ नायलॉन दोरी चालवू नका, खोडाची साल सगळीकडनं गोल सोलली जाते आणि रोप दोन महिन्यांनी वाळतं, मग आपण वाळवी शोधत बसतो. रोपाभोवती हातभर जागा खुरप्यानंच करा. आणि लोखंडी पातं लावलं असेल तर पात्याची पुढची उजवी बाजू, म्हणजे घड्याळात १२ ते ३ वाजतात ती, जांभ्याच्या दगडाला किंवा खुंटाला लागू देऊ नका, मशीन झटका देऊन अंगावर फिरते. उजवीकडनं डावीकडं झोका देत कापायचं. डोळ्याला गॉगल, पायात बूट, आणि १५ मीटरच्या आत कुणी नको. सासूबाई मागं गवत गोळा करत येत असतील तर त्यांना थांबायला सांगा, हे सांगणं जरा अवघड आहे मला माहिती आहे.

प्रश्न : ट्रॅक्टरवरचा जीएसटी कमी झालाय म्हणतात ते खरं का, का डीलरची जाहिरात?

उत्तर : खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय, ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ चा ५. बऱ्याच सुट्या पार्टलाही तोच दर आहे. जुन्या दरानं बिल लावलं तर मागं द्या.

प्रश्न : शिरोळ भागात आमचं रान नदीकाठाला. पुरात शेडात पाणी शिरलं आणि २७ एचपीचा फोर व्हील ट्रॅक्टर दोन दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात होता. पाणी ओसरलंय. भाऊ म्हणतो सेल्फ मारून बघू. मी त्याला तुमचं उत्तर येईपर्यंत थांबवून ठेवलाय.
(एक वाचक, शिरोळ)

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याच दिवशी फोन करून सांगितलंय, तरी बाकीच्यांसाठी लिहितो, कारण २०१९ ला आणि परत २०२१ ला मी असे किती ट्रॅक्टर बघितलेत की पुरानं वाचले आणि सेल्फनं मेले.

चावी लावायची नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये अर्धा पेला पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन वर येतो, पाण्याला धडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग ऑइल बदलून सुटणारं काम पूर्ण इंजिन उतरवण्यावर जातं. इन्शुरन्सचं पण तसंच आहे, पुराचं पाणी ही एक गोष्ट आणि पाणी असताना तुम्ही सुरू करून मोडलं ही दुसरी गोष्ट, दुसऱ्याला कंपनी हात वर करू शकते. म्हणून आधी चिखलासकट फोटो काढा, कंपनीला कळवा, पंचनाम्यात ट्रॅक्टर लिहून घ्या आणि मगच पाना हातात घ्या.

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायचं. दुसरं, गाळ ओला आहे तोवर साध्या पाण्यानं धुवून काढायचा, नदीचा गाळ वाळला की सिमेंट होतो आणि ऑइल सीलला घासून सील खातो. मग एअर क्लीनर उघडा. आत पाणी किंवा गाळ दिसला तर सिलिंडरपर्यंत पाणी गेलंय असंच धरून चालायचं.

इंजिन ऑइलचा नट सोडला की आधी काय येतं ते बघा. पाणी जड म्हणून ते खाली बसलेलं असतं, आधी पाणी येतं आणि मग दुधाच्या चहासारखं ऑइल. सगळं काढून टाका, फिल्टर टाका. डिझेल टाकी रिकामी, दोन्ही डिझेल फिल्टर नवे. तिन्ही इंजेक्टर काढायचे आणि क्रँक पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हातानं फिरवायचं, भोकातनं पाणी पिचकारीसारखं उडतं, तोंड वर करून बघत बसू नका. पाणी यायचं थांबलं की प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे ऑइल सोडून परत फिरवा. मग स्वस्तातलं ऑइल भरून, इंजेक्टर बसवून, डिझेलची हवा काढून स्लोवर दहा-पंधरा मिनिटं चालवायचं, ते ऑइल गरम असतानाच काढायचं, आणि नंतर तुमचं नेहमीचं १५ डब्ल्यू ४० भरायचं. पहिल्यांदाच महागातलं भरून ते दहा मिनिटांत फेकणारे पण आहेत.

लोक इंजिनापाशीच थांबतात, पुढं जात नाहीत. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल बऱ्याच मिनी ट्रॅक्टरात एकच असतं, २० लिटरच्या आसपास, त्यात पाणी गेलं असलं तर लिफ्ट हळू होते आणि वर्षाभरात बेअरिंगं आवाज करायला लागतात. तुमचा फोर व्हील आहे, म्हणजे पुढच्या अॅक्सलमध्ये वेगळं ऑइल आहे, ते तर हमखास विसरतात. सेल्फ आणि अल्टरनेटर काढून इलेक्ट्रिशियनकडं उघडून वाळवून घ्यायचे. क्लच गंजून चिकटला असेल तर दणके देऊन सोडवू नका, क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातनं पाणी निघालंय का बघा आणि मेकॅनिकला बोलवा.

आणि पुढच्या वर्षी ट्रॅक्टर कधी हलवायचा ते आधीच ठरवून ठेवा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. कोल्हापुरात ३९ झाले की तुमच्याकडं कृष्णेचा फुगवटा किती आहे ते बघायचं आणि ट्रॅक्टर उंचावरच्या पाहुण्यांच्या दारात नेऊन लावायचा. ४३ ची वाट बघत बसलेले लोक रस्ता बंद झाल्यावर मला फोन करतात.

प्रश्न : माझ्या रोटरचा शिअर बोल्ट सारखा तुटतोय, खोडव्याची खोडकी मोडताना तर दिवसात चार वेळा. मित्र म्हणाला हाय टेन्साइल (जास्त कडक) बोल्ट घाल, कटकट मिटंल. घालू का?
(कागल तालुक्यातला एक तरुण शेतकरी)

उत्तर : नको रे भावा. मी घातला होता.

माझं वय तेव्हा तुझ्याएवढंच असंल, उद्यमनगरात लेथवर कामाला होतो आणि आपल्याला लोखंडातलं लई कळतं अशी समजूत होती. चुलत्याच्या रोटरचा बोल्ट तिसऱ्यांदा तुटला तेव्हा मी कारखान्यातनं एक कडक बोल्ट खिशात घालून आणला, बसवला, आणि चुलत्याला म्हणालो आता बघा तुटतोय का. बोल्ट खरंच तुटला नाही. अर्ध्या तासानं बांधाजवळ रोटर जमिनीतल्या धोंड्यावर बसला, एक आवाज झाला, भांडं पडल्यासारखा नाही, हाड मोडल्यासारखा, आणि गिअरबॉक्समधल्या क्राउन पिनियनचे दात गेले. चुलता काही बोलला नाही, नुसता बोल्टाकडं बघत राहिला. तो बोल्ट अजून माझ्या टेबलच्या ड्रॉवरमध्ये आहे, एकदम नवा कोरा.

शिअर बोल्ट तुटायसाठीच असतो, घरातल्या फ्यूजसारखा. तो सारखा तुटतोय म्हणजे रोटरवर जास्त ताण येतोय, ते कारण शोध. तुझ्या पत्रावरनं मला वाटतं तू खोडकीत एकाच फेरीत पूर्ण खोल जातोयस. पहिली फेरी वरवर, दोन-तीन इंच, हळू गिअरला, दुसरी खोल. पाती झिजून बोथट झाली असतील तर ती माती कापत नाहीत, बडवतात, त्यानं पण ताण वाढतो. पाती बदलताना डावी-उजवी बघून बसव, सगळी एकदम बदल, आणि नवीन बसवल्यावर दोन तास चालवून सगळे नट परत आवळ, कारण ते ढिले होतातच. रानात वळताना रोटर उचलतोस तेव्हा पीटीओ बंद करतोस का? उचललेल्या रोटरला शाफ्ट वाकडा फिरतो आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस जातात. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून फेकलं असशील तर परत बसव. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे, गळ्यातला टॉवेल किंवा लुंगीचं टोक त्यात सापडलं तर ओरडायला पण वेळ मिळत नाही.

नुसता रोटर रोटर करू नकोस हे पण सांगतो. वर्षानुवर्षं चार-पाच इंचावरच पाती फिरली की त्याच्याखाली जमिनीचा कडक थर तयार होतो, पाणी खाली मुरत नाही आणि उसाची मुळी आडवी जाते.

प्रश्न : फार्महाऊसवर लॉन आहे, पेट्रोलवरचा ढकलायचा लॉनमोवर घेतलाय. कापल्यावर गवताचे शेंडे दोन दिवसात पिवळे-तपकिरी पडतात. खत कमी पडतंय का?

उत्तर : खत नाही, पातं बोथट आहे. धारदार पातं गवत कापतं, बोथट पातं शेंडा ओढून फाडतं आणि फाटलेला शेंडा वाळतो. पातं काढताना आधी प्लगची कॅप काढून बाजूला करा, हे विसरायचं नाही. ग्राइंडरवर दोन्ही टोकं सारखी घासा आणि मधल्या भोकात खिळा घालून भिंतीला लावून बघा, एक बाजू खाली गेली तर तिकडनं अजून थोडं घासा, नायतर मशीन थरथरते आणि बेअरिंग जातं. मशीन आडवी करताना एअर फिल्टरची बाजू वर राहील अशी करा, उलटी केली तर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी पांढरा धूर बघून तुम्ही मलाच फोन करणार. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त कापू नका. पाऊस पडून गेल्यावर लगेच तर नकोच.

प्रश्न : सेकंड हँड मिनी बघतोय, मीटर फक्त ४०० तास दाखवतंय. विश्वास ठेवावा का?

उत्तर : मीटर बंद पण पडतं आणि बदलून पण मिळतं. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, मागच्या लिंकेजची भोकं गोल आहेत का लांबट झालीत ते बघा, ४०० तासात भोकं अंड्यासारखी होत नाहीत. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम असेल तर ते गार असताना सुरू व्हायला त्रास देतं असं समजा, चहा प्या, गप्पा मारा, गार होऊ द्या आणि मग सुरू करायला सांगा. आरसी बुकावर बँकेचा बोजा उतरलाय का ते आरटीओत बघूनच पैसे द्या.

प्रश्न : आमचे मामंजी नातवाला मिनी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून रानात फिरवतात. पोरगं सहा वर्षांचं. मी बोलले तर म्हणतात, तुझा नवरा पण असाच मोठा झाला. बांधाचा उतार पण आहे. तुम्ही लिहिलंत तर ते ऐकतील, तुमचं सदर ते चष्मा लावून वाचतात.
(एक सून, राधानगरी तालुका)

उत्तर : मामंजी, रामराम. सुनेवर रागवू नका, तिनं मला लिहिलं म्हणजे तिचा अविश्वास तुमच्यावर नाही, बांधावर आहे.

तुमचा मुलगा मडगार्डवर बसून मोठा झाला तो ट्रॅक्टर जड होता आणि रुंद होता. मिनी ट्रॅक्टर अरुंद, दोन चाकांतलं अंतर कमी, त्यात बांधाच्या उताराला आडवा घातला आणि वरच्या बाजूचं चाक एका ढेकळावर चढलं की तो पलटी व्हायला काही लागत नाही. तुमच्या हातात स्टेअरिंग तरी असतं, पोराच्या हातात काय असतं? मडगार्डवरनं घसरलं तर ते सरळ मागच्या चाकापुढं पडतं, आणि मागं रोटर किंवा गवताचा स्लॅशर जोडलेला असला तर पुढचं मी लिहीत नाही.

उताराला गवत कापताना शक्यतो वर-खाली चालवा, आडवं नको. चाकं बाहेरच्या सेटिंगला घेऊन ट्रॅक रुंद करता येतो तो करून घ्या, औजार खाली ठेवा, आणि रस्त्यावर यायच्या आधी दोन्ही ब्रेकची पेडलं कडीनं जोडा. ओढायचं ओझं कायम खालच्या हुकाला, वरच्या लिंकेजला साखळी बांधून ओंडका ओढला तर ट्रॅक्टर पुढनं उचलून मागं उलथतो. सीटच्या मागं लोखंडी कमान असेल तर सीट बेल्ट लावा, कमान नसेल तर बेल्ट बांधू नका.

नातवाला ट्रॅक्टरची हौस असणार, ती मोडू नका. शेडात इंजिन बंद असताना त्याला ग्रीस गन द्या आणि ग्रीस भरायची निपलं मोजायला लावा. किती निपलं आहेत ते तुम्हाला तरी पाठ आहे का बघा. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या ट्रॅक्टरांना एक-दोन निपलं अशी असतात की त्यांना शोरूममधून निघाल्यापासून ग्रीस लागलेलंच नाही, सहा वर्षांच्या पोराची मान तिथपर्यंत जाते, आपली जात नाही.

प्रश्न : पाचट रानात ठेवून मल्चर (पाचट बारीक करायचं औजार) मारतो, ट्रॅक्टर तासाभरात गरम होतो. रेडिएटर बदलू का?

उत्तर : आधी जाळी बघा. पाचटाचा आणि गवताचा कोंडा रेडिएटरच्या पुढच्या जाळीला गोधडीसारखा चिकटतो. मल्चर किंवा स्लॅशर चालवताना तासातासाला थांबून जाळी झाडायची. रेडिएटरला हवा मारायची ती आतनं बाहेर, बाहेरनं मारली तर कोंडा आणखी आत बसतो. फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबून बघा, अर्धा इंच दबला पाहिजे. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. सायलेन्सरजवळ वाळलेलं पाचट साठू देऊ नका, त्यातनं ट्रॅक्टर पण पेटलेत आणि फड पण.

प्रश्न : शेडात लावलेल्या ट्रॅक्टरची वायरिंग उंदीर खातात. तिसऱ्यांदा बदलली. काही औषध?

उत्तर : बॉनेटखाली कोरडं आणि उबदार असतं, उंदराला आणि काय पाहिजे. शेडातली पेंड आणि वैरण ट्रॅक्टरपासनं लांब हलवा, बॉनेट उघडं ठेवत जा म्हणजे आत अंधार राहत नाही, वायरिंगवर कडक प्लॅस्टिकची नळी चढवून घ्या, आणि दर आठवड्याला एकदा इंजिन सुरू करून वीस मिनिटं चालवा. तंबाखूच्या पुड्या, डांबर गोळ्या, पुदिना, लोकांनी मला सगळं सांगितलंय आणि मी सगळं करून पण बघितलंय. आमच्या शेडात शेवटी एक भटकं मांजर आलं आणि सीटवर झोपायला लागलं. तेव्हापासनं वायरिंग शाबूत आहे, सीट कव्हर तेवढं दोनदा बदललं.